‘आधी काय करू?’ हा एकट्याचा प्रश्न नाही

सलग तीन वर्षं माझ्या वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जावर एकच वाक्य येत होतं: ‘कामाचा दर्जा उत्तम , प्राधान्यक्रम ठरवण्यात कमी पडतात.’ मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. उचलून चिकटवलेला मजकूर माझ्या नजरेतून सुटत नाही. स्वल्पविरामाआधीची ती जास्तीची मोकळी जागा तिन्ही वर्षं तिथेच होती. पण माझ्या यादीत त्या वेळी किती कामं होती, हे ते वाक्य लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

एका सोमवारी सकाळी बसून मोजली. ४३ निघाली. त्यांतल्या ११ कामांवर ‘तातडीचं’ म्हणून लाल खूण होती आणि त्या ११ पैकी ४ खुणा एकाच माणसाने केलेल्या होत्या. मी पहिली लाल खूण उघडली. एक टेस्ट रिपोर्ट तपासून पुढे पाठवायचा होता. रिपोर्टातल्या एका तक्त्याचे रकाने वेडेवाकडे झाले होते, ते सरळ करायला घेतले. तीन तासांनी तक्ता बघत राहावा असा झाला होता आणि रिपोर्ट जिथल्या तिथे होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात, त्यातला प्रकार. फरक एवढाच की आग कुठे लागली आहे हे मला स्वच्छ दिसत होतं. बंब वळत नव्हता.

वयाच्या ३७ व्या वर्षी मला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणाऱ्या मेंदूच्या घडणीचं, निदान झालं. एडीएचडी, ऑटिझम, डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जाणं) अशा वेगळ्या घडणीच्या मेंदूंना मिळून आता ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात. हा शब्द हल्ली ऑफिसातल्या पोस्टरांपर्यंत पोचला आहे, त्यामुळे त्याची जास्त ओळख करून देत बसत नाही. मला बोलायचं आहे ते पोस्टरच्या खाली घडतं त्याबद्दल. आमच्यासारख्यांना प्राधान्यक्रम जमत नाही, असं गृहीत धरून आम्हाला साधनं शिकवली जातात: चौकटी, रंग, अ‍ॅप, गजर. माझं म्हणणं असं की प्राधान्यक्रम ही माणसाच्या अंगची गुणवत्ता नाहीच. काम कुठून येतं, किती येतं, कुणाला नाही म्हणता येतं आणि ते कुठे अडतं, या सगळ्याचा मिळून तो परिणाम असतो. तो सुधारायचा तर ही सगळी रचना बघावी लागते. आणि ती नुसती कामगाराने बघून भागत नाही.

सगळ्यांना पाठ असलेल्या चौकटीपासून सुरुवात करू. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ साली एका भाषणात, दुसऱ्या कुणाचा तरी हवाला देत, आपल्यापुढचे प्रश्न दोन प्रकारचे असतात असं सांगितलं: तातडीचे आणि महत्त्वाचे. पुढे त्यावरून, काम तातडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही असा, चार खणांचा तक्ता निघाला आणि कार्यशाळांतून तो जगभर फिरला. तक्ता वाईट नाही. पण एक गोष्ट त्यात येत नाही. आयझेनहॉवर यांच्या टेबलावर कुठला कागद पोचू द्यायचा हे ठरवायला त्यांचे मुख्य सहायक शर्मन अ‍ॅडम्स यांच्यासारखा कडक माणूस दारातच उभा असे. म्हणजे निम्म्याहून जास्त प्राधान्यक्रम दारातच ठरत होता आणि खण त्यानंतर यायचे. माझ्या दारात कुणी नाही. माझं दार म्हणजे ईमेल, चॅट आणि ‘एक मिनिट आहे का?’ म्हणत खुर्चीमागे येऊन उभं राहणारं कुणीतरी.

आणि खण भरले म्हणून हात चालतोच असं नाही. एडीएचडीचे अभ्यासक रसेल बार्कली वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की, ही अडचण ज्ञानाची नाही. जे माहीत आहे ते ऐन वेळी करण्याची आहे. खण मला माहिती देतात आणि माहिती माझ्याकडे आधीच असते. बरं, हे फक्त आमचंच दुखणं आहे असंही नाही. मेंग झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की, एखाद्या कामाला नुसती मुदत चिकटवली की लोक जास्त मोबदल्याचं काम सोडून कमी मोबदल्याचं ते काम उचलतात. तातडीचा वास सगळ्यांनाच ओढतो. आम्हाला जरा जास्त ओढतो आणि आमचं ते पटकन दिसून येतं.

मग बघायचं कसं? इथे मला सिस्टिम्स थिंकिंग, म्हणजे व्यवस्था म्हणून विचार करण्याची पद्धत, कामाला आली. नावाला भुलू नका, मूळ गोष्ट अगदी कारखान्याच्या धुळीतली आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणारे इंजिनिअर जे फॉरेस्टर यांना जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी एक कोडं घातलं. केंटकीमधल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसायचे. सगळ्यांचा समज असा की बाजार वर-खाली होतो म्हणून हे होतं. फॉरेस्टर यांनी माणसं कधी घेता, साठा किती ठेवता, ऑर्डर कशावरून ठरवता, एवढंच विचारलं आणि वहीत हाताने आठवड्यामागून आठवडा आकडे मांडत गेले. निघालं ते असं की बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर धरली, तरी आतल्या नियमांमुळेच हे चढउतार होणार होते. खोट बाजारात नव्हती आणि कामगारांतही नव्हती. प्रत्येक जण आपल्या जागी शहाणपणाने वागत होता आणि सगळ्यांचं मिळून येडपट काहीतरी होत होतं.

हे मी वाचलं तेव्हा मला माझे महिने आठवले. दोन आठवडे झपाट्याने काम, मग एक आठवडा गाळात, मग माफीच्या ईमेल, मग पुन्हा झपाटा. याला मी आजवर ‘मूड’ म्हणत आले होते, घरचे ‘लहर’ म्हणत. पाठकोऱ्या कागदावर बाण काढले तेव्हा वेगळंच चित्र आलं. एखादी मुदत चुकली की मला लाज वाटायची. लाज वाटली की पुढचं काम मागणाऱ्याला नाही म्हणायची हिंमत राहायची नाही, उलट भरपाई म्हणून मी दोन कामं जास्त घ्यायची. कामं वाढली की एकातून दुसऱ्यात उड्या वाढायच्या. उड्या वाढल्या की मुदती चुकायच्या, की पुन्हा लाज. बाण फिरून जिथून निघाला तिथेच येत होता. पहिले पाढे पंचावन्न.

त्या वर्तुळात माझा मेंदू कुठे होता? एका बाणावर होता: उड्यांकडून चुकलेल्या मुदतींकडे जाणाऱ्या. तो बाण इतरांपेक्षा माझ्याकडे जाड आहे, हे मी नाकारत नाही. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की अर्धवट सोडलेल्या कामात लक्षाचा काही अंश अडकून राहतो आणि पुढचं काम त्यामुळे बिघडतं. हे त्यांनी सर्वसाधारण माणसांतच पाहिलं. माझ्याकडे तर हा अंश खंडणी वसूल केल्यासारखा वसूल होतो. पण वर्तुळात बाण चार होते. मूल्यमापनाच्या अर्जावर त्यांतला एकच आला होता, तोही दोष म्हणून. ‘भरपाई म्हणून जास्त काम घेते’ या बाणाबद्दल तर उलट ‘सहकार्याची वृत्ती’ या रकान्यात मला पैकीच्या पैकी गुण होते.

आता थोडं गणित. १९६१ हे वर्ष रांगांच्या अभ्यासाला चांगलंच लाभलेलं दिसतं. त्या वर्षी जॉन लिटल यांनी एका साध्या नियमाची सिद्धता दिली: व्यवस्थेत सरासरी जितकी कामं पडून आहेत, त्याला दर आठवड्याला जितकी कामं पार पडतात त्याने भागा, की एक काम व्यवस्थेत सरासरी किती आठवडे राहतं ते मिळतं. आवक-जावक दीर्घकाळ साधारण स्थिर असायला हवी एवढीच अट. माणूस कसा आहे, कामं कुठल्या क्रमाने घेतो, याच्याशी त्या नियमाला देणंघेणं नाही. माझ्या ४३ कामांना मी ५ ने भागलं, कारण आठवड्याला माझी साधारण ५ कामं पुरी होतात. उत्तर आलं ८.६ आठवडे. म्हणजे सोमवारी माझ्याकडे आलेलं काम सरासरी दोन महिन्यांनी बाहेर पडणार, आणि पडून असलेली कामं ४३ आणि वेग ५ चाच राहिला, तर मी रोज सकाळी यादी कशीही वर-खाली केली तरी ही सरासरी हलणार नाही. कुठलं काम आधी सुटेल ते बदलेल, इतकंच. ज्या वाक्याने मला तीन वर्षं छळलं, ते वाक्य भागाकारापुढे टिकलं नाही. त्या दिवशी मी कितीतरी वेळ नुसती कॅल्क्युलेटरकडे बघत बसले होते.

त्याच वर्षीचं दुसरं सूत्र जॉन किंगमन यांचं, आणि या लेखातला माझा मुख्य मुद्दा त्यावर उभा आहे. काम करणारा किती भरलेला आहे यावर रांगेत थांबण्याचा वेळ ठरतो, आणि तो सरळ रेषेत वाढत नाही. कामं अचानक, वाटेल तेव्हा येत असतील तर सगळ्यात साध्या नमुन्यात असं होतं: माणूस ८० टक्के भरलेला असेल तर तासाभराच्या कामाला सरासरी ४ तास थांबावं लागतं, ९० टक्के भरलेला असेल तर ९ तास, ९५ टक्क्यांना १९. भरलेपणा १५ टक्क्यांनी वाढला आणि थांबणं जवळपास पाचपट झालं. किंगमन यांच्या सूत्रात या भरलेपणाला आणखी एका गोष्टीने गुणलेलं असतं. ती गोष्ट म्हणजे अनियमितपणा: कामं किती अनियमित येतात आणि एकेका कामाला लागणारा वेळ किती वर-खाली होतो.

अनियमितपणा हा तर आमचा प्रांत. एडीएचडी असलेल्यांच्या प्रतिसादाच्या वेळेत चढउतार जास्त असतात, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. तिथे मोजमाप मिलिसेकंदांचं असतं. तिथून दिवसांवर आणि आठवड्यांवर उडी मी माझ्या अनुभवाच्या जोरावर मारते आहे, ही कबुली देऊन ठेवते. जो रिपोर्ट मी मंगळवारी ४० मिनिटांत उडवला, तसाच रिपोर्ट गुरुवारी मला दिवसभर पुरला आहे. ऑटिझम असलेल्या माझ्या एका सहकाऱ्याचं काम घड्याळासारखं चालतं, पण ऑफिसात ड्रिलचा आवाज सुरू झाला किंवा ठरलेली बैठक ऐन वेळी हलली की त्याचा तो दिवस गेला.

मग सूत्र काय म्हणतं? थांबण्याचा वेळ आटोक्यात ठेवायचा तर दोन वाटा आहेत. एक तर अनियमितपणा कमी करा, नाहीतर भरलेपणा कमी करा. आजवर आम्हाला जे जे सांगितलं गेलं ते सगळं पहिल्या वाटेचं आहे: शिस्त लावा, रोज ठरल्या वेळी उठा, इतरांसारखे दिसा, इतरांसारखे चाला. दुसऱ्या वाटेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण १०० टक्के भरलेला माणूस दिसायला छान दिसतो. पण १०० टक्क्यांजवळ तर अगदी एकसारखं काम करणाऱ्याचीही रांग तुंबते, फक्त जरा उशिराने. आमच्यासारख्यांची आधी तुंबते. तुंबलं की बोट आमच्याकडे दाखवलं जातं, आणि पाठोपाठ दुसऱ्यांची गटारंही भरत आली आहेत याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्या दृष्टीने ऑफिसाने आमचे आभार मानायला हवेत, पण ते जाऊ द्या.

भरलेपणा कमी करणं म्हणजे कमी काम करणं, असा अर्थ लगेच काढला जातो. तसं नाही. एका वेळी कमी कामं उघडी ठेवणं, आणि दिवसातला थोडा भाग कुणालाही न विकणं, एवढाच त्याचा अर्थ. पण कुठला भाग? इथे एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८० च्या दशकात कारखान्यांपुढे मांडलेला विचार उपयोगी पडतो. कुठल्याही साखळीत एक जागा सगळ्यात चिंचोळी असते आणि सगळ्या साखळीचा वेग तीच ठरवते. त्या जागी गेलेला तास हा सगळ्या कारखान्याचा तास; दुसरीकडे कुठे वाचवलेला तास म्हणजे मृगजळ. म्हणून आधी ती जागा शोधायची, मग तिचा पुरता उपयोग करायचा, बाकी सगळं तिच्या चालीने चालवायचं, आणि त्यानंतर गरज असेल तर ती रुंद करायला पैसा ओतायचा.

माझी चिंचोळी जागा तास ही नाही, हे कळायला मला काही महिने लागले. मी रोज एका वहीत लिहीत गेले: काम कधी सुरू केलं, कधी सोडलं, का सोडलं. दोन महिन्यांनी वही चाळली तेव्हा दिसलं की चालू केलेलं काम मी बहुतेक वेळा चांगल्या वेगाने संपवते. अडतं ते सुरू करताना. अवघड, कोऱ्या कामाची सुरुवात मला दिवसातून दोनदाच जमते, फार तर तीनदा. बाकी दिवसात उरतं ते ढकलगाडीचं काम. म्हणजे माझ्याकडे आठ तास नसतात. दोन सुरुवाती असतात. हे समजल्यावर ‘आधी काय करू?’ हा प्रश्नच बदलला. आता प्रश्न असा की आजच्या दोन सुरुवाती कशावर खर्च करू, आणि त्या उधळल्या जाऊ नयेत म्हणून सकाळी काय काय उघडायचं नाही. त्या आधीच्या काळात मी जेवढी नियोजनाची अ‍ॅप घेतली, त्यांनी माझ्या टायपिंगचा आणि आठवणीचा वेळ वाचवला. ती माझी चिंचोळी जागा नव्हतीच. नव्याचे नऊ दिवस झाले की प्रत्येक अ‍ॅप पडून राहायचं आणि मी स्वतःलाच चिकाटी नसल्याचं दूषण द्यायची.

माझ्या त्या सहकाऱ्याची चिंचोळी जागा वेगळी आहे. सुरुवात त्याला सोपी जाते, सोडणं जात नाही. एका कामातून उठवून दुसऱ्यात बसवलं की त्याचा जो वेळ जातो तो परत येत नाही, म्हणून त्याची सगळी आखणी दिवसभरातले बदल कमी करण्याभोवती आहे. डिस्लेक्सिया असलेली आमच्यातली एक जण लांबलचक ईमेलवर अडकते. तेच काम तिला तोंडी सांगा, दहा मिनिटांत ती त्यातली खोच काढून दाखवते. आम्ही तिघंही न्यूरोडायव्हर्जंट. तिघांना एकाच कार्यशाळेला बसवून एकच वेळापत्रक शिकवलं गेलं होतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

वहीचा आणखी एक उपयोग झाला. आम्हाला वेळेचा अंदाज येत नाही, असं म्हणतात. खरं आहे. पण १९९४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारलं. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता. सगळं काही बिनसलं तर किती लागतील, यावर ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. बिनसण्याचा अंदाजही आशावादी निघाला. म्हणजे अंदाज सगळ्यांचेच चुकतात, आणि त्यावर उतारा स्वतःवर जास्त विश्वास ठेवणं हा नाही; मागची नोंद बघणं हा आहे. माझ्या वहीप्रमाणे मी सांगितलेला वेळ आणि लागलेला वेळ यांचं प्रमाण साधारण १ ला २.२ पडतं. आता मी मनात येईल तो आकडा त्याने गुणते आणि मग तोंड उघडते. सुरुवातीला लोक दचकले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी सांगितलेली तारीख खरी ठरते.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर तीन कार्डं लावायची जागा आहे. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी कानबान पद्धत बसवली, तिचा हा घरगुती नातेवाईक: पुढची जागा रिकामी झाल्याशिवाय मागून माल ढकलायचा नाही. तीन कार्डं म्हणजे चालू कामं. चौथं लावायचं तर आधी एक उतरायला हवं. वाट बघणारी बाकीची कामं खाली, सगळ्यांना दिसतील अशी, आलेल्या तारखेसह. गेल्या वर्षी एका दुपारी माझ्या वरिष्ठ बाई आल्या.

“अगं, जरा हे बघतेस का? दहा मिनिटांचं काम आहे.”

“बघते ना मॅडम. यातलं कुठलं खाली उतरवू?”

त्या भिंतीकडे वळल्या. मला वाटलं चिडतील. पण त्या कितीतरी वेळ कार्डं वाचत राहिल्या. मधल्या कार्डावर त्यांचंच नाव होतं, सोमवारची तारीख होती आणि कोपऱ्यात त्यांनीच लाल पेनने दोनदा अधोरेखित केलेलं ‘तातडीचं’ होतं.

“हे अजून लागतंय का आपल्याला?” त्यांनी विचारलं. मला नव्हे, स्वतःलाच.

ते कार्ड त्यांनी स्वतः काढून घेतलं.

आता इथे कुणी चाणाक्ष वाचक मला अडवेल, आणि अडवावं. तीन कार्डं लावून रांग संपते कुठे? आवक तेवढीच असेल तर कामं बाहेर तिष्ठत राहणार. बरोबर. लिटल यांच्या नियमाला फसवता येत नाही. चालू कामाचा वेळ घटला तरी भिंतीखालच्या थप्पीचा वेळ मोजावाच लागतो. बदलतं ते एवढंच की ती रांग माझ्या डोक्यातून उठून, काम देणाऱ्याला दिसेल अशा जागी जाऊन उभी राहते. पण हा ‘एवढंच’ मोठा आहे. व्यवस्थेत कुठे बोट घातलं तर काय हलतं, याची एक उतरंड व्यवस्थांच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये मांडली होती, १२ जागांची. सगळ्यात तळाला, बाराव्या क्रमांकावर, आकडे: मर्यादा, प्रमाणं, अनुदानं. वर सरकत गेलं की सहाव्या जागी माहितीचा प्रवाह येतो, म्हणजे कुणाला काय दिसतं. पाचव्या जागी नियम. तिसऱ्या जागी व्यवस्थेचं उद्दिष्ट. आम्हाला मिळणाऱ्या सवलती बहुतेक तळाच्या असतात. आवाज अडवणारे हेडफोन, पंधरा मिनिटं जास्त, खिडकीजवळची जागा. मी त्यांना नावं ठेवत नाही, हेडफोनविना माझं पान हलत नाही. पण हेडफोन घालून ४३ कामांसमोर बसलं तरी कामं ४३ च असतात.

मेडोज यांनी फॉरेस्टर यांचं एक निरीक्षण नोंदवलं आहे: कळीची जागा कुठली हे लोकांना बहुधा बरोबर कळतं, पण ते ती उलट दिशेने ढकलतात. प्राधान्यक्रमाचं असंच होतं. गोंधळ वाढला की ऑफिसं काय करतात? दर सोमवारी ‘प्राधान्यक्रम बैठक’ बसवतात. एक तास, बाराजण. त्यातून तीन नव्या लाल खुणा घेऊन सगळे बाहेर पडतात.

एक कौतुक मात्र मला नको आहे. न्यूरोडायव्हर्जंट माणसं जन्मजात व्यवस्था ओळखतात, त्यांना आकृतिबंध दिसतात, म्हणून हा विचार त्यांना आपसूक जमतो, असं गोड बोलणारे बरेच भेटतात. मला रेल्वेची वेळापत्रकं वाचायला आवडतात हे खरं, पण त्याने माझ्या लाजेचं वर्तुळ मला दिसलं नाही. तिथे पोचायला ३७ वर्षं आणि एक डॉक्टर लागले. उलट या विचाराची आमच्यासाठी एक खास घसरगुंडी आहे. आकृती काढणं हे कामापेक्षा जास्त रंजक असतं. पहिल्या महिन्यात मी एक अख्खा रविवार बाणांना पाच रंग देण्यात घालवला आणि सोमवारी त्याच त्या रिपोर्टसमोर येऊन बसले. तेव्हापासून पाठकोरा कागद आणि एकच पेन, त्यापलीकडे साहित्य घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. मला भिंतीवर तीन कार्डं लावता आली, कारण माझी नोकरी पक्की होती आणि हाताला कसब होतं. नव्याने लागलेल्या, कंत्राटावरच्या किंवा आपलं निदान लपवून बसलेल्या माणसाने ‘कुठलं उतरवू?’ असं विचारलं, तर त्याचंच नाव उतरवलं जाण्याची शक्यता मोठी. त्याला व्यवस्था समजून घे म्हणणं, म्हणजे बुडणाऱ्याला पाण्याच्या प्रवाहाचं शास्त्र शिकवणं. म्हणून ही मर्यादा मागून मिळवायची गोष्ट असू नये. काम वाटणाऱ्याने ती आधीच घालून द्यायला हवी, सगळ्यांसाठी, निदानाचा कागद न मागता.

‘सगळ्यांसाठी’ म्हटलं की लगेच न्यायाचा प्रश्न निघतो: एकाला दिलं तर दहाजण मागतील. मागू देत की! संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात ‘वाजवी सोय’ नाकारणं हा भेदभाव मानला आहे आणि सोय देणाऱ्यावर अवाजवी बोजा पडू नये, ही मर्यादाही तिथेच घातली आहे. एका वेळी किती कामं उघडी ठेवायची याला आकडा घालण्याचा बोजा किती? एक भिंत आणि चिकटपट्टी. बोजा पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि खरा विरोधही तिथूनच येतो. कामांना आकडा घातला की ‘हे दहाही तातडीचे’ असं म्हणता येत नाही. कुणीतरी वरच्याने निवड करावी लागते आणि निवडीखाली आपलं नाव लिहावं लागतं. आजवर ती निवड खाली, आमच्या टेबलावर ढकलून देता येत होती. आम्ही ती चुकीची केली की आमचा दोष, बरोबर केली की कुणाच्या लक्षातही येत नाही.

यंदाच्या मूल्यमापनाच्या अर्जात ‘प्राधान्यक्रम’ या रकान्यापुढे स्वतःविषयी लिहायला जागा होती. मी वाक्य लिहिलं नाही, वहीतून आकडे उतरवले. वर्षभरात आलेली कामं ३११. पूर्ण केलेली २६८. देणाऱ्याने आपणहून परत घेतलेली ४.

दोन दिवसांनी मनुष्यबळ विभागातून फोन आला. बोलणारा मुलगा नवा होता, आवाजात अजीजी होती. म्हणाला, “मॅडम, हा शेवटचा आकडा तुमच्या अर्जात बसत नाही. तो नक्की कुणाच्या अर्जात टाकायचा?”